खोटा पेशंट

"बसा काका," ती म्हणाली आणि तिने चेहरा कोरा ठेवला. या वेळी रडायचं नाही म्हणजे नाही.

मागच्या खेपेला ती रडली होती. मनोविकारशास्त्राच्या परीक्षेत पेशंट म्हणून नट बसवतात, दर वेळी नवा. त्या दिवशीच्या नटाने गेलेल्या मुलाची गोष्ट अशी काही रंगवली की हिने त्याचा हातच धरला, हमसून हमसून रडली आणि नापास झाली. "अगं वेडाबाई, ते त्याचं कामच आहे!" म्हणत ताईने हसून हसून पोट धरलं होतं. बाबा हसले नव्हते. आता पुन्हा गाडी अडकली तर डॉक्टरकीचं खूळ सोडायचं, असं त्यांनी तोंडावर सांगितलं होतं.

परीक्षेमुळे आज ओपीडी बंद होती. कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याचा लाल दिवा लागलेला. परीक्षक मॅडम पलीकडच्या खोलीत बसून बघत होत्या.

"काय त्रास होतोय?"

माणूस पन्नाशीचा. शर्ट चुरगळलेला, दाढी एका गालावर अर्धवट राहिलेली. सोंग तरी किती बारकाईने घेतात, तिच्या मनात आलं.

"मी कोण आहे तेच कळेनासं झालंय," तो म्हणाला. "फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकतो मी, कंपनीने दिलेल्या नावाने. घरी बायको टोपणनावाने हाक मारायची. ती गेली. परवा रस्त्यात कुणीतरी माझ्या खऱ्या नावाने हाका मारत होतं, आणि मी वळलोसुद्धा नाही. दाढी करताना वाटतं, दुसऱ्याच कुणाची तरी करतोय."

तिने नजर टेबलाकडे वळवली. नाटक आहे बाई, नाटक.

"झोप लागते?"

"नाही."

"भूक?"

"ती होती तेव्हा लागायची."

बाप रे, काय बोलतो हा! तिने टेबलाखाली स्वतःलाच चिमटा काढला आणि पुढचा प्रश्न विचारला. हा प्रश्न विसरला की मार्कांवर पाणी.

"जीव द्यावा असं मनात येतं का?"

"येतं." त्याने मान खाली घातली. "आजही आलं. म्हटलं, एकदा कुणाशी तरी बोलून बघावं."

"सांगितलंत ते फार बरं केलंत. मी लगेच वरिष्ठांशी बोलते. आम्ही तुम्हाला एकटं सोडणार नाही." पाठ केलेलं सगळं तिने न अडखळता म्हटलं. तेवढ्यात घंटा झाली.

तो जागचा हलला नाही. "मग आता?"

"आता काही नाही, काका. संपलं. जा, मस्त चहा घ्या."

"संपलं?"

"हो ना!" सुटल्याच्या आनंदात तिला हसू आवरेना. "पण कमाल केलीत हं तुम्ही. क्षणभर मला खरंच वाटलं सगळं."

"खरं वाटलं तुम्हाला?" त्याने झटकन मान वर केली.

"अगदी! पण या वेळी फसले नाही मी."

तो उठला, खुर्ची नीट आत सरकवली आणि हळूच दार लावून निघून गेला.

मॅडम आत आल्या त्या खुशीतच. "आज बरंच ठरल्याबाहेरचं बोलला तो. पण तुम्ही जराही डगमगला नाहीत. अशीच छाती हवी. पास!"

त्या गेल्याबरोबर तिने घरी फोन लावला. बाबा आनंदाने ओरडलेच. ताईने त्यांच्या हातातून फोन हिसकावून घेतला. "खरं सांग, रडलीस ना?"

"एक टिपूससुद्धा नाही!"

दारावर टकटक झाली. गळ्यात परीक्षा विभागाचं ओळखपत्र अडकवलेला एक माणूस धापा टाकत आत शिरला.

"माफ करा हं डॉक्टर, वाटेत गाडी पंक्चर झाली. आजचा तुमचा पेशंट मी. बसू ना?"