गच्चीवरची खंडेनवमी

चाकणच्या कारखान्यात ज्योतीरामने खंडेनवमीला हार घातल्याशिवाय प्रेस मशीनला कधी हात लावला नव्हता. आता दोन्ही मुली वैमानिक झाल्या, पण त्यांच्या एवढ्या मोठ्या मशीनची पूजा कोण करणार, हाच त्याच्या जिवाला घोर होता. नवमीच्या संध्याकाळी थोरलीचं विमान नागपूरहून लोहगावला यायचं होतं. तो पूजेचं ताट घेऊन चऱ्होलीच्या घराच्या गच्चीवर गेला. वेळेवर विमान डोक्यावर आलं, तसं त्याने मनापासून ओवाळलं, झेंडूची फुलं वर उधळली. तेवढ्यात थोरलीचा फोन आला. "बाबा, उशीर होतोय. आम्ही अजून नागपूरलाच आहोत." बायकोने कपाळाला हात लावला. "अहो, मग मघाशी कुणाला ओवाळलं?" निरांजनात तूप घालत तो म्हणाला, "असंल की कुणाचं तरी लेकरू." दुसऱ्या विमानाचा आवाज आला. ते थोरलीचं नव्हतं. तरी तो ताट घेऊन उठला.