धाकट्याचं काम

दोघा भावांचा तबेला होता. घोडे, गिऱ्हाइकं, व्यवहार सगळं थोरला बघायचा. धाकटा दिवसभर झाडू आणि घमेलं घेऊन इकडून तिकडे फिरायचा. एकदा चारचौघांत थोरला त्याच्यावर डाफरला, "तू करतोस तरी काय रे इथे? खायला काळ अन् भुईला भार!" धाकटा कपडे पिशवीत भरून निघून गेला आणि दुसऱ्याच्या तबेल्यात कामाला लागला.

पावसाळा सरायच्या आत उंदरांनी उच्छाद मांडला. खोगिरांचे पट्टे कुरतडले, घोड्यांच्या चंदीच्या दाण्यात लेंड्या दिसू लागल्या. थोरल्याने सापळे लावले, मांजर पाळलं, विषाच्या गोळ्याही टाकल्या. पण उंदीर हटेनात. शेवटी नासलेली चंदी खाऊन त्याची लाडकी घोडी दगावली, तेव्हा त्याने धाकट्याला फोन लावला.

"आधी आपल्याकडे उंदीर औषधाला नव्हता रे. तू विष घालायचास तरी कुठलं?"

"घालायचो कुठे, दादा? सांडलेला दाणा रोज झाडून काढायचो, पिंपांची झाकणं घट्ट लावायचो, बीळ दिसलं की बुजवायचो."

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"उंदीरच नव्हते, तर उंदरांचं काय सांगणार?"

थोरल्याला म्हणायचं होतं, 'चुकलं माझं, घरी ये.' शब्द अगदी ओठांवर आले. पण धाकट्यापुढे नमतं घ्यायची सवय त्याच्या जिभेला कधी लागलीच नव्हती.

"बरं," तो म्हणाला, "झाकणं लावत जाईन."