पंचवीस तारा

"चौदा," उस्ताद म्हणाले.

ओली चिंधी फिरल्याचा आवाज आला. रॉकेलचा वास क्षणभर गडद झाला. मग पत्नी म्हणाली, "तपकिरी. पांढरी रेघ."

"म्हणजे तिसरा इंजेक्टर," उस्तादांनी निकाल दिला आणि नव्या तारेसाठी हात पुढे केला.

गॅरेजमधल्या टेबलावर गाडीच्या फ्युएल इंजेक्शनची वायरिंग आतडी काढून ठेवावी तशी पसरली होती. एका टोकाला पंचवीस पिनांचा चपटा प्लग, दुसऱ्या टोकाला फाटे फुटलेल्या तारा. इंजिनच्या धगीत चार दशके भाजून निघालेले त्यांचे वेष्टन बोट लावताच बिस्किटासारखे तुटत होते. एक जुनी तार काढायची, तिच्याच रंगाची नवी बसवायची, मगच पुढची. एक जरी चुकली, तरी गाडी सुरू होणार नव्हती.

'उस्ताद' ही पदवी गल्लीने दिलेली होती, आणि ती आपल्याला थोडी अपुरीच पडते असे उस्तादांचे प्रामाणिक मत होते. तार रंगावरून ओळखायची, आकडे पुस्तकी लोकांसाठी, हे त्यांचे तत्त्वज्ञान. गाडीबरोबर एक जाडजूड पुस्तक आले होते. त्यात म्हणे पिनेपिनेचा हिशोब, तारेच्या रंगासकट, छापलेला होता. ते आपण आयुष्यात उघडले नाही, हे उस्ताद अभिमानाने सांगत. पुस्तकी लोकांत त्यांची पत्नीही मोडे. तिने एकतीस वर्षे ग्रंथालयात पुस्तकांना क्रमांक दिले, आणि ते क्रमांक कशाचे असतात, हे त्यांनी एकतीस वर्षांत तिला एकदाही विचारले नाही. बाईसाहेब पुस्तके इकडची तिकडे ठेवण्याचा पगार घेतात, असे ते पाहुण्यांना सांगत. पाहुणे हसत. तीही हसे. अज्ञान पुरेसे समाधानी असले, की त्याला आत्मविश्वास म्हणण्याची पद्धत आहे.

आता मात्र एक अडचण उभी राहिली होती, आणि ती फक्त उस्तादांना आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना ठाऊक होती. गेल्या हिवाळ्यापासून त्यांना कुठल्याही वस्तूचा मधला भाग दिसेनासा झाला होता. कडा तेवढ्या दिसत. मध्ये राखेचा डाग. रंग तर सगळे एकात एक कालवल्यासारखे. यावर उपाय नाही, असे डॉक्टरांनी हळुवारपणे सांगितले. उस्तादांनी तपासणीचे कागद वाटेतच फाडून टाकले आणि चष्म्याचा नंबर थोडा बदलला आहे, असे घरी जाहीर केले.

लपवण्याचे कारण त्यांची लेक. गॅरेज बंद करून दोघांनी आपल्याकडे सहाव्या मजल्यावर राहायला यावे, असा धोशा तिने लावला होता. बाबांच्या हातून आता काम होत नाही, अशी तिची खात्री पटत चालली होती. अखेर तह झाला. दोन वर्षे बंद पडलेली ही गाडी रविवारपर्यंत बाबांनी स्वतः सुरू करून दाखवली, तर ती विषय पुन्हा काढणार नव्हती. डोळ्यांचे तिला कळते, तर तहही नसता आणि गॅरेजही.

म्हणून उस्तादांनी युक्ती काढली.

"हे काम तू शिकून घे," त्यांनी पत्नीला उदारपणे सांगितले. "तू नुसते रंग सांगायचे. कुठली तार कुठे जाते ते मी सांगेन."

तिने तक्रार केली नाही. आपला गोंधळ उडतो, म्हणून त्यांनी आधी पिनेचा नंबर मोठ्याने सांगत जावा, एवढीच तिची अट होती. ग्रंथालयाची खोड जायची नाही, असे म्हणून उस्तादांनी ती मान्य केली. नखाने पिना मोजणे त्यांना अजून जमत होते, आणि पिना दाबून बसवणे तर बोटांना पाठच होते.

असे चार दिवस गेले. ती चहाचा कप नेमाने त्यांच्या उजव्या हाताशी, त्याच एका जागी ठेवी; म्हातारपणी हिला शिस्त आली, असे उस्तादांना वाटे. कधी कधी चिंधी फिरण्याआधीच तिचे उत्तर येई. मग ते रागावत. वेष्टनावरची काजळी पुसली की खाली रंग शाबूत असतो, न पुसता सांगतात ते कामचुकार, असे तिला ऐकवत. ती निमूटपणे पुन्हा पुसे आणि तोच रंग पुन्हा सांगे.

"तुम्ही ग्रंथालयात फुकट गेलात, बाईसाहेब," एकविसाव्या पिनेला ते म्हणाले. "माझ्या हाताखाली असतात तर दोन वर्षांत कारागीर झाला असतात."

"घेतलं असतंत मला?"

"नसतं," उस्तादांनी जरा विचार करून कबूल केले, आणि दोघेही बराच वेळ हसत राहिले.

शनिवारी शेवटची तार बसली, तेव्हा त्यांच्या मनात आले, की हिला सांगून टाकावे. इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच आपण हिला फसवतो आहोत. पण हिला धक्का बसेल. बिचारी साधी आहे. त्यांनी नुसताच तिच्या खांद्यावर हात ठेवला.

रविवारी लेक आली. तिने स्वतः किल्ली फिरवली. इंजिन दोनदा खोकले, थांबले, आणि मग असे एकसुरात चालू लागले, की लेक स्टिअरिंगवर हात ठेवून नुसती ऐकत राहिली.

"हरले," ती खाली उतरत म्हणाली. "गॅरेज तुमचं, बाबा. परत नाव काढणार नाही."

उस्ताद फुलून गेले. जिंकलेल्या माणसाला औदार्य परवडते.

"थोडं श्रेय तुझ्या आईचंही आहे हो," ते म्हणाले. "एकेक जुनी तार पुसून तिने मला रंग सांगितला. पंचवीसात एक चुकला नाही. डोकं अर्थात माझं."

लेक कौतुकाने कोपऱ्यातल्या जुन्या तारांच्या ढिगाकडे गेली. तिने एक तार उचलून दारातल्या उन्हात धरली. मग दुसरी. तिसरी तिने रॉकेलच्या चिंधीने टोकापासून टोकापर्यंत घासून पुसली आणि पुन्हा उन्हात धरली.

"पण बाबा," ती म्हणाली, "या तर सगळ्याच्या सगळ्या काळ्याठिक्कर आहेत. पुसूनही रंग दिसत नाही एकीचाही."