तक्रार करणारं गिऱ्हाईक

पुतळेवाल्याने पिशवीतून हात काढला आणि टेबलावर ठेवला.

कोपरापासून खालचा, बाईचा, फायबरचा. लांबसडक बोटं, नखांवर हलकी चकाकी, मनगटाशी एक निळसर शीरसुद्धा रंगवलेली. संस्थेचे खजिनदार खुर्चीतून अर्धे उठलेच. "अहो, हा आता हलेल की काय असं वाटतंय!"

पुतळेवाल्याच्या जिवात जीव आला. कपड्यांच्या दुकानांत काचेमागे उभे असतात ना, ते पुतळे करायचा तो. आता चाळिशी उलटल्यावर त्याने खूळ घेतलं होतं, की ज्यांचे हातपाय गेलेत त्यांच्यासाठी हातपाय करायला शिकायचं. शिक्षण दोन वर्षांचं आणि फी ऐकूनच डोळे पांढरे व्हावेत अशी. बायकोने मदत देणाऱ्या झाडून साऱ्या संस्था पालथ्या घातल्या. एकीला पंचविशीच्या आतले हवे होते. दुसरी फक्त विधवांना शिकवायची. "हिची मदत मला मिळेल," बायको म्हणाली होती, "पण त्यासाठी आधी तुम्हाला जावं लागेल!" शेवटी ही तिसरी सापडली. वयाची अट नाही, समोर बसून बोलायचं, बस. हिने नाही म्हटलं तर चौथी नव्हतीच. बायको आत्ता बाहेर बाकावर जीव मुठीत धरून बसली होती.

अध्यक्षबाई मात्र त्या चकाकीला भुलल्या नव्हत्या. सत्तरीच्या, जाड चष्मा, अंगात ढगळ स्वेटर. त्यांनी उजव्या हाताने आपला चहाचा कप त्या फायबरच्या हाताकडे सरकवला.

"याला हा धरता येतो का, बघू."

पुतळेवाल्याने कपाचा कान बोटांत अडकवून पाहिला. घसरला. अंगठ्याच्या बेचक्यात बसवून पाहिला. कप कलंडला आणि चहा टेबलभर झाला. खजिनदार रुमाल घेऊन धावले.

"नाही धरत," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"नाही धरणार," पुतळेवाला म्हणाला. आत्ता कुठे त्याची ट्यूब पेटली होती. पुतळ्याचा हात बाहीतून सुळकन जायला हवा, म्हणून बोटं एकमेकांना चिकटलेली, अंगठा आत दुमडलेला. इतकी वर्षं त्याने तसेच हात केले होते. हा नमुना करायला तो आठवडाभर खपला, शीरसुद्धा रंगवली, आणि हात केला तो पुन्हा कपडे घालण्यापुरताच! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. "चुकलंच माझं, मॅडम. धरण्याचं डोक्यातच आलं नाही."

"मग चाललंय ते बरं नाही का? पुतळ्यांचा धंदा काही वाईट नाही."

या प्रश्नाचं उत्तर बायकोने त्याच्याकडून पाठ करून घेतलं होतं. त्यात 'समाज' होता, 'ऋण' होतं. नेमकं पहिलंच वाक्य आठवेना.

"वाईट नाही हो," तो म्हणाला. "पण पुतळ्याला कधी खाज सुटत नाही. घाम येत नाही. मी कसाही हात लावला तरी तो बिचारा हूं की चूं करत नाही. मला तक्रार करणारं गिऱ्हाईक हवंय, मॅडम. कोणीतरी म्हणावं, अहो, हे इथं टोचतंय."

खजिनदारांनी ओला रुमाल पिळायचा थांबवला. अध्यक्षबाई हसल्या. मग त्यांनी स्वेटरची डावी बाही वर सारली, खटका दाबला आणि आपला डावा हात काढून त्या देखण्या हाताशेजारी ठेवला. रंग उडालेला, रबर फुगलेलं, अंगठ्याला चिकटपट्टी.

"तक्रारच हवी ना? घ्या. दिसायला भिकार आहे. याने मी कप धरते, छत्री धरते, भांडण झालं की टेबलावर आपटते, पण बटण काही लावता येत नाही. उन्हाळ्यात आत नुसती डबकी साचतात. आणि हा रंग बघा! मी काय अशी पिवळी आहे? सगळ्यात वाईट म्हणजे दाबतो. नको नको करतो जीव."

पुतळेवाला खुर्ची ओढून पुढे सरकला. आपण इथे कशाला आलोय हेच तो विसरला होता.

"सकाळपासून दाबतो, की संध्याकाळी?"

"संध्याकाळी. हात सुजतो ना."

"मग आतून सैल-घट्ट करता यायला हवा. त्याला काय करतात?"

"ते मला काय विचारता?" अध्यक्षबाई म्हणाल्या. "तेच शिकायला तर पाठवतेय तुम्हाला."

खजिनदारांनी दोघांकडे पाहिलं. "म्हणजे... मंजूर धरायचं?"

"दोन्ही वर्षांची फी. आणि अहो, यांच्या घरून बाहेर कोणी बसलं असेल तर त्यांना आत बोलवा, चहा मागवा. या वेळी कप मी धरते."

पुतळेवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायला तो आपला फायबरचा हात पिशवीत भरू लागला.

"थांबा. कुठे दाबतो ते तरी बघून जा," असं म्हणत त्यांनी कोपराखाली वीतभर उरलेला आपला हात पुढे केला.

त्याने तो दोन्ही तळव्यांवर घेतला. नवा हात साच्यातून निघाला, की आत पोकळ राहिलाय का ते तो टिचकी मारून बघायचा. सवयीने त्याचं बोट वर गेलंच होतं. ते तसंच थांबलं.

हात गरम होता.