भिजत घातलेले पेले

संध्याकाळी सहाला समोरच्या जुन्या पबचं दार उघडलं. दोन वर्षं त्याची डागडुजी चालली होती. नेमक्या त्याच वेळी रस्त्याच्या अलीकडच्या बारमालकानं भिंतीवरच्या खुंट्यांवरून सगळे पेले उतरवले आणि धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवले.

पेले त्याचे नव्हते. जुन्या पबात नेहमीच्या प्रत्येक गिऱ्हाइकाचा स्वतःचा चिनीमातीचा पेला असे, स्वतःच्या खुंटीवर. पब बंद झाला तेव्हा माणसं आपापले पेले घेऊन रस्ता ओलांडून इकडे आली. यानं त्यांच्यासाठी खास खुंट्या बसवल्या. खुंटीवर पेला आहे तोवर माणूस आपला, असं तो धरून चालला होता.

पहिला सुतार आला. इस्त्रीचा शर्ट, केस चापून बसवलेले.

"मालक, माझा पेला द्या बरं."

"भिजतोय."

"आज?"

"डाग पडलेत. वेळ लागेल."

सुतारानं मालकाच्या बायकोकडे पाहिलं. ती ग्लास पुसत होती. "आल्यापासून त्या पेल्यांनी सोडा पाहिला नव्हता," ती म्हणाली. "आजच मुहूर्त लागला."

मग पोस्टमन आला, न्हावी आला, पेन्शनीत निघालेले मास्तर आले. कुणी बसलं नाही, कुणी काही मागवलंही नाही. सगळे खिडकीतून समोर बघत उभे राहिले. न बघायचं ठरवून मालकही बघत होता. दारावरच्या दगडात कोरलेलं स्थापनेचं साल घासून लख्ख केलेलं. आत पितळी दिवे. दिव्याखाली ते लांबलचक लाकडी काउंटर. त्याच्या स्वतःच्या काउंटरचा सनमायका कोपऱ्यात उचकटला होता. कधीचा कोण जाणे, पण दिसला आज.

"ते काउंटर मी तासल्यावर आतून काय रंग निघाला म्हणून सांगू!" सुतार म्हणाला.

"सांगितलंस. रोज इथंच बसून सांगितलंस."

"लाकूडच तसं आहे, मालक. माझं काय त्यात."

"पोट कुणाचं दुखतंय ते कळतंय हो सगळ्यांना," बायको ग्लासशी बोलावं तसं बोलली. न्हाव्यानं हसू गिळलं.

तेवढ्यात समोरची मालकीणबाईच आत आली. अंगावर कोरा एप्रन.

"भाऊ, माझी माणसं अडकली कुठं म्हणून बघायला आले."

माझी माणसं. मालकानं फडकं उचललं आणि उगाचच काउंटर पुसायला लागला.

तिनं सिंककडे पाहिलं. बाह्या सरकवून पाण्यात हात घातला आणि एकेक पेला विसळून ज्याचा त्याच्या हातात देत गेली. हा कुणाचा, तो कुणाचा, असं एकदाही म्हणाली नाही. मालकाला अजून प्रत्येक पेला उलटा करून बुडाची खूण बघावी लागत असे.

"चला, वहिनी, तुम्हीही या सवडीनं," ती हात पुसत म्हणाली. "फार सांभाळलंत यांना. उपकार झाले." दाराशी जाऊन ती वळली. "आणि भाऊ, खुंट्या काढू नका हं. सोमवारी आमची सुट्टी. त्या दिवशी पाठवते सगळ्यांना तुमच्याकडे."

तिच्या बोलण्यात टोमणा शोधून त्याला सापडला नाही. तेच त्याला जास्त झोंबलं.

माणसं तिच्यामागून रस्ता ओलांडून गेली. जाताना सुतारानं दार हळूच ओढून घेतलं, आजाऱ्याच्या खोलीचं ओढावं तसं.

मालकानं खणातून पेचकस काढला आणि पहिल्या खुंटीला लावला. स्क्रू अर्धा बाहेर आला आणि त्याचा हात थांबला.

"आज वार कोणता?"

"मंगळवार," बायको म्हणाली.

साडेसातपर्यंत त्यानं दुसऱ्या खुंटीला हात लावला नव्हता. पहिली परत घट्टही केली नव्हती.