दुधाच्या रांगेतली सहल

"महाबळेश्वर नको. तिथे पुणेकर असतात," हेमाताई म्हणाल्या.

मास्कमधून म्हणाल्या, म्हणून ओरडून म्हणाल्या. पुढच्या वर्तुळातल्या श्यामसुंदररावांनी मागे वळून मान डोलावली. कसबा पेठेतल्या त्या गल्लीत शंभूच्या डेअरीपासून कोपऱ्यापर्यंत ऑइलपेंटची पांढरी वर्तुळं काढली होती आणि प्रत्येक वर्तुळात एकेक माणूस पिशवी घेऊन उभा होता. लॉकडाउन लागल्यापासून या दोघांची वर्तुळं रोज पुढेमागे येत. त्याआधी कित्येक वर्षं दोघं याच गल्लीत राहत होते आणि एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते. त्यामुळे संबंध उत्तम होते.

हेमाताई शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. लग्न का केलं नाही, हे विचारायची पेठेत कोणाची छाती झाली नव्हती. श्यामसुंदरराव महापालिकेच्या पाणीपुरवठ्यात होते. पत्नी जाऊन बराच काळ लोटला होता. एका सकाळी ते कोणालाच उद्देशून नाही असं म्हणाले होते, "हे सगळं संपलं की कुठेतरी जायला हवं." मागून लगेच प्रश्न आला होता, "कुठेतरी म्हणजे नक्की कुठे?"

तेव्हापासून सहल सुरू होती. एवढ्या अंतरावरून बोलायचं म्हणजे मोठ्यानं बोलायचं, आणि मोठ्यानं बोललेलं सगळ्या रांगेला ऐकू जाणार. रांगेलाही दुसरं काही काम नव्हतं.

"गुहागरच्या पुढे एक किनारा आहे," हेमाताई सांगू लागल्या. "रस्ता खराब, हॉटेल नाही, फोनला रेंज नाही. सगळ्या सोयी आहेत."

"राहायचं कुठे?"

"एका घरात दोन खोल्या मिळतात. मध्ये अंगण."

"आणि संध्याकाळी?"

"संध्याकाळी काय? वाळूत दोन खुर्च्या. मधून एखादी लाट आरामात जाईल, एवढ्या लांब."

श्यामसुंदररावांनी डोळे मिटले. दुधाच्या क्रेटमधून गळणारं पाणी वाहत त्यांच्या चपलेपर्यंत आलं आणि परत गेल्यासारखं वाटलं. गल्ली हळूहळू रुंद झाली. समोरच्या भिंतीपलीकडून समुद्राची गाज येऊ लागली. ती शंभूच्या फ्रीजची होती हे त्यांना माहीत होतं, पण त्यांनी तिकडे दुर्लक्ष केलं. उजवीकडच्या खुर्चीत कोणीतरी बसलं होतं आणि भरती-ओहोटीचं कारण समजावून सांगत होतं.

"सोलकढीचे पेले मात्र वेगवेगळे घ्या हो!" मंदाकिनीकाकूंनी मागून बजावलं.

"एसटीत एक सीट सोडून बसवतात," रांगेच्या टोकाहून महिपतराव म्हणाले. "दोघांनाही खिडकी."

"आधी दूध घ्या," शंभू म्हणाला.

महिपतरावांनी काखेतला पेपर उघडला. ते उभ्याउभ्या पेपर वाचत आणि रांगेला उपयोगी पडेल तेवढं मोठ्यानं वाचत. आज ते मध्येच थांबले.

"अहो, ई-पास रद्द! जिल्ह्याबाहेर जायला आता परवानगी नको!"

कोणीतरी टाळी वाजवली. "मग काय, निघा आता!" काकू म्हणाल्या. रांग हसली.

हेमाताई हसल्या नाहीत. पिशवीचा बंद नीट करू लागल्या. श्यामसुंदरराव पायाखालच्या वर्तुळाकडे बघू लागले. कालपर्यंत जाता येत नव्हतं, म्हणून कितीही जाता येत होतं. आता तो किनारा एकदम खरा झाला होता. तिथे बसनं जाता येत होतं, आणि कोणीतरी 'येत नाही' असंही म्हणू शकत होतं.

हेमाताई इतके दिवस मनापासून बोलत होत्या की वेळ घालवत होत्या, एवढंच श्यामसुंदररावांना विचारायचं होतं. मोठ्यानं विचारलं तर हेमाताई काहीतरी खोचक बोलणार, रांग हसणार, आणि उत्तर कोणतंही असलं तरी गमतीत जमा होणार. हळू विचारायचं तर जवळ जायला हवं.

श्यामसुंदररावांनी वर्तुळाबाहेर पाऊल टाकलं.

"अंतर ठेवा, अंतर!" शंभू ओरडला.

ते हेमाताईंच्या वर्तुळाच्या कडेशी जाऊन थांबले आणि अगदी हलक्या आवाजात काहीतरी बोलले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच रांगेला काही ऐकू आलं नाही. हेमाताईंनी उत्तर दिलं, तेही हळू. बराच वेळ दिलं. मध्ये एकदा त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. श्यामसुंदररावांनी काहीतरी विचारलं. हेमाताईंनी पुन्हा पहिल्यापासून मोजलं. मंदाकिनीकाकू इतक्या पुढे झुकल्या की तोल जाता जाता राहिला. शंभूने दुधाची पिशवी हातात धरून ठेवली. ती घ्यायला कोणी पुढे येईना.

"अहो, जरा मोठ्यानं बोला!" टोकाहून महिपतराव ओरडले. "सहलीचं काय ठरलं?"

हेमाताई वळल्या. सगळ्या रांगेकडे त्यांनी गोंधळ घालणाऱ्या वर्गाकडे बघावं तसं बघितलं.

"तुम्हाला काय करायचंय?"