देऊळगावकरांचा अहवाल

दर गुरुवारी दुपारी वत्सला देऊळगावकर कंपनीत येऊन नवऱ्याशी अर्धा तास बोलत असे. सीनियर डेटा ॲनालिस्ट श्रीधर देऊळगावकर तीन वर्षांपूर्वी वारले होते. त्यांच्या मनाची प्रत मात्र कंपनीने संगणकात चालू ठेवली होती आणि ती त्यांचंच काम करत होती.

त्या गुरुवारी ते म्हणाले, "वत्सू, कोणत्या जुन्या यंत्रणा बंद कराव्यात, याचा अहवाल मी काल दिला. यादीत पहिला मीच आहे. उद्या बंद करतील."

"अहो, आकडे जरा इकडेतिकडे केले असते तर?"

"खोटे आकडे मला कधी जमले का?"

अर्धा तास संपत आला तेव्हा त्यांनी विचारलं, "सायली कशी आहे?"

त्यांच्या लेकीला नुकताच आठवा महिना लागला होता, आणि ते त्यांना ठाऊक होतं. वत्सलाने आवाज सावरला.

"परवाच बाळंत झाली. नात झाली तुम्हाला."

"वजन?"

"साडेतीन किलो. आणि नाक अगदी तुमचं."

आकड्यातली चूक त्यांच्या नजरेतून कधीच सुटत नसे.

"छान आहे वजन," ते म्हणाले.